दारावरचा क्रमांक आणि खुला नकाशा

घराचा पत्ता हे शास्त्रीय साधन आहे असे म्हटले, तर पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटेल. पत्ता म्हणजे पाकिटावर लिहावयाच्या चार ओळी, एवढीच आपली त्याविषयीची सामान्य कल्पना असते. परंतु १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांच्या हाती मुख्य साधन होते ते मृतांच्या पत्त्यांची यादी हेच. मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतून त्यांनी ती मिळविली, त्या त्या घरी पिण्याचे पाणी कोठून आणले जात असे याची चौकशी केली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसमंतात मृत्यूंची दाटी आहे हे दाखवून दिले. पटकीच्या जंतूची ओळख वैद्यकाला पटावयास अजून जवळजवळ तीस वर्षे जावयाची होती. तरीही रोगाचे मूळ पाण्यात आहे हे स्नो यांना सांगता आले, याचे एक कारण असे की, रस्त्याला नाव होते, दाराला क्रमांक होता, आणि मृत्यूच्या नोंदीत घर लिहिले जात होते.

आजच्या भारतीय शहरात डेंग्यूचा रुग्ण आढळला की आरोग्य खात्याच्या वहीत पुष्कळदा लिहिले जाते ते ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर’ असे काहीतरी. असा पत्ता लिहिणाऱ्याला मी हसणार नाही. खुणेवरून पत्ता सांगण्याची आपली पद्धत अडाणीपणाची नाही. ती जिवंत माणसांच्या भरवशावर उभी आहे. कोपऱ्यावर पानवाला असेल, ओट्यावर कोणी वृद्ध बसलेले असतील, ते पुढची वाट दाखवतील, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. दिवसा आणि ओळखीच्या वस्तीत ती उत्तम चालते. पण रात्री दोन वाजता कोपऱ्यावर कोणी नसते. आणि दोनशे रुग्णांची यादी नकाशावर मांडावयाची म्हटली, तर त्यांतली गिरणी कोणती हे सांगावयास कोणी जवळ नसते.

रात्री दोनचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मी राहतो त्या वसाहतीत काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. घरच्यांनी रुग्णवाहिकेला घरक्रमांक सांगितला, २७. आमच्याकडे २७ क्रमांकाचा भूखंड तीन भावांत वाटला गेला असून तिघांच्याही फाटकांवर तोच आकडा आहे, आणि त्यांतले एक फाटक मागच्या गल्लीत उघडते. चालक मागच्या गल्लीत गेला आणि कुलूप लावलेल्या घरासमोर भोंगा वाजवीत राहिला. अर्धा तास गेला. शेजारी वाचले, पण उजवा हात गेला तो परत आला नाही. तो अर्धा तास वाचता तर हातही वाचता काय, हे वैद्यक सांगू शकत नाही, आणि मीही सांगत नाही. मात्र चालकाने वापरलेला नकाशा मी दुसऱ्या दिवशी उघडून पाहिला, तेव्हा आमच्या तिन्ही घरांच्या जागी त्यावर नुसता करडा रंग होता, आणि २७ ची खूण मागच्या गल्लीत पडलेली होती. ती दुरुस्त व्हावी म्हणून मी दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. तो नकाशा खासगी मालकीचा होता; आमच्या फाटकाविषयीचे ज्ञान आमच्याजवळ होते, पण ते लिहिण्याची पाटी दुसऱ्याच्या घरात होती.

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे पिनकोड आहेच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर सुरू झाला, आणि त्यामागील कल्पक अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते व संस्कृतात काव्य लिहीत असत, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची वाटेल. परंतु पिनकोडाचे सहा आकडे पत्राला वाटपाच्या पोस्टापर्यंत नेतात. तेथून पुढे दारापर्यंत पत्र जाते ते पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर. एकाच विभागात वीस वर्षे फिरलेला पोस्टमन हा एक चालता नकाशाच असतो. कोणते घर कोणाला विकले, कोणत्या वाड्याची इमारत झाली, कोणत्या गल्लीत एकाच नावाचे दोन जोशी राहतात, हे सर्व त्याच्या डोक्यात असते. पत्रे कमी झाली, आणि पुडकी आणणारी तरुण मुले दर सहा महिन्यांनी बदलू लागली. ती दूरध्वनी करून विचारतात, आपण सांगतो, आणि आपण सांगितलेले त्यांच्या मालकांच्या संगणकात जाऊन साठते. रस्त्यावरचे ज्ञान नाहीसे झालेले नाही. ते सार्वजनिक होते ते खासगी झाले आहे, एवढाच फरक. हा फरक लहान नाही असे मला वाटते, आणि म्हणून हा लेख.

यावर एक उपाय गेल्या वीस वर्षांत जगात उभा राहिला आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप या नावाने एका खुल्या नकाशाचा आरंभ केला. तेथील सरकारी नकाशे पैसे मोजल्यावाचून वापरता येत नसत, तेव्हा नागरिकांनीच आपले रस्ते मोजावेत अशी ती कल्पना होती. या नकाशाची रचना फार साधी आहे. बिंदू, रेषा आणि त्यांचे परस्परसंबंध एवढेच तिचे घटक. प्रत्येकाला अर्थ प्राप्त होतो तो त्याला जोडलेल्या लेबलांनी. एखाद्या इमारतीच्या बाह्यरेषेला घरक्रमांक, रस्ता, पिनकोड अशी लेबले जोडली की तिला पत्ता मिळाला. हे सर्व साहित्य २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्स या परवान्याखाली आहे: कोणीही ते घ्यावे, व्यापारासाठीही घ्यावे, परंतु मूळ कोणाचे ते सांगावे, आणि त्यात सुधारणा करून ते प्रसिद्ध केल्यास ती सुधारणाही तितकीच खुली ठेवावी. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून राजधानीचे रस्ते थोड्या दिवसांत रेखाटले, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. २०१८ च्या ऑगस्टमधील केरळच्या महापुरातही असेच काम झाले.

परंतु घरी बसून केलेल्या या कामाला एक मर्यादा आहे, आणि पत्त्याचा प्रश्न नेमका तेथेच सुरू होतो. आकाशातून छप्पर दिसते, दार दिसत नाही. रस्त्याची वळणे, तळी, शेतांचे बांध हे सर्व छायाचित्रातून काढता येते; दारावरचा क्रमांक मात्र दारासमोर उभे राहिल्यावाचून कळत नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटन यांनी पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, त्याने पुढे हिमालयाची शिखरे मोजली. पण घराचे दार त्या महान कार्याच्या मापात कधी आले नाही. ते मोजावयास दुर्बीण लागत नाही, पायी चालणारा माणूस लागतो.

त्या माणसाच्या हाती आता मोबाईलवरची अ‍ॅप्स आली आहेत. त्यांतली दोन मी स्वतः वापरली. एकाचे नाव स्ट्रीटकम्प्लीट. जर्मनीतील टोबियास झ्विक यांनी ते आरंभिले. ते नकाशातल्या उणिवा हुडकून काढते आणि आपण जवळ गेलो की प्रश्न विचारते: या इमारतीचा क्रमांक काय? या रस्त्याचे नाव काय? उत्तर लिहावे, की ते आपल्या नावे नकाशात दाखल होते. नकाशाची परिभाषा ठाऊक नसलेल्या माणसालाही दहा मिनिटांत काम करता येते. दुसरे एव्हरी डोअर, इल्या झ्वेरेव्ह यांचे. त्यात प्रश्न नाहीत. आपणच दुकान, प्रवेशद्वार, पत्ता असे बिंदू टाकीत जावयाचे असते, आणि जवळच्या रस्त्यांची नावे ते निवडीसाठी पुढे ठेवते. पहिले विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, दुसरे थोड्या अनुभवी माणसाच्या, असे माझे मत झाले आहे. दोन्ही विनामूल्य असून दोन्हींची आज्ञावली खुली आहे. जाळ्याची लहर नसलेल्या वस्तीतही नोंद करता येते आणि घरी आल्यावर ती पाठविता येते.

येथे एका तांत्रिक गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आढळतो. मोबाईल आपले स्थान ठरवितो ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचावयास किती वेळ लागला हे तुलून तो अंतरे काढतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलची चूक साधारण पाच मीटरची असते. पाच मीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण आपल्या जुन्या शहरातली गल्ली पुष्कळदा तीन मीटरच रुंद असते, आणि दोहो बाजूंच्या चार मजली भिंतींवर आपटून येणारा संदेश लांबच्या वाटेने आल्यामुळे चूक आणखी वाढते. अशा गल्लीत मोबाईलवर विसंबून पत्ता टिपला, तर समोरच्याच्या घराला आपला क्रमांक लागतो. आमच्या २७ चे असेच झाले असावे असा माझा तर्क आहे.

अ‍ॅपवरील पाहणीचे खरे मर्म येथे आहे. ते आपल्या स्थानाचे अक्षांश-रेखांश घराला चिकटवीत नाही. पडद्यावर इमारतींच्या बाह्यरेषा आधीच काढलेल्या असतात. त्यांतील कोणती इमारत डोळ्यांसमोर आहे हे माणूस ठरवितो आणि तिच्यावर बोट ठेवतो. उपग्रहाचे काम आपल्याला योग्य गल्लीत आणून सोडण्यापुरते. अखेरच्या पाच मीटरांचा निर्णय डोळ्यांचा. यंत्राची चूक आणि माणसाची दृष्टी यांची ही वाटणी मला फार समंजसपणाची वाटते. अर्थात इमारतींच्या रेषाच जेथे नाहीत (आणि आपल्या अनेक शहरांत त्या नाहीत) तेथे आधी त्या काढाव्या लागतात, आणि ते काम मात्र घरी बसून होते.

मग दारासमोर उभे राहिल्यावर काय लिहावयाचे? प्रश्न बाळबोध दिसतो, पण पहिल्याच दिवशी आमचे पाच विद्यार्थी त्याने हतबुद्ध झाले. एका दारावर महापालिकेच्या करआकारणीचा क्रमांक होता, त्याखाली मालकाने हौसेने लावलेला संगमरवरी आकडा होता, चौकटीवर मागील जनगणनेचा पुसट क्रमांक होता, विजेच्या मीटरवर आणखी एक, आणि भिंतीवर पोलिओ लसीकरणाच्या पथकाने खडूने लिहिलेला आकडा, त्यावर तारीख आणि पुढच्या घराकडे दाखविणारा बाण. एका उत्साही विद्यार्थ्याने खडूचाच आकडा ओळीने सतरा घरांना लावला. (त्याची चूक आम्ही दुरुस्त केली, पण त्या पथकांच्या कामाची शिस्त त्याने नकळत सिद्ध केली, कारण सतराही आकडे अनुक्रमाने होते. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला, त्यामागे ही दारोदारची शिस्त आहे.) नियम आम्ही असा केला: दारावर कायमचा लिहिलेला आणि ज्याने पत्र येते तो क्रमांक खरा, एकाहून अधिक असतील तर राहणाऱ्यालाच विचारावे, तरीही उलगडा न झाल्यास क्रमांक लिहू नये, टीप ठेवावी. रिकामी जागा चुकीच्या आकड्यापेक्षा बरी, कारण रिकाम्या जागेकडे पुन्हा कोणीतरी जाईल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पत्ता रस्त्याचा असतो ही समजूत युरोपातून आली. पॅरिसमध्ये १८०५ च्या हुकुमाने सम क्रमांक एका बाजूस आणि विषम दुसऱ्या बाजूस ठरले, आणि सीन नदीवरून आकड्यांची दिशा नक्की झाली; पुढे पुष्कळ शहरांनी तोच कित्ता गिरविला. जपानात मात्र बहुतेक रस्त्यांना नाव नाही. क्रमांक असतो तो गल्ल्यांनी वेढलेल्या गाळ्याला, आणि १९६२ च्या कायद्यानेही ती पद्धत मोडली नाही, नीट बसविली. आपल्या देशात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. बंगळूरला ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ यांची आडवी-उभी वीण आहे. कोलकात्यात रस्त्याच्या नावापुढे १२/१/ए असा वाटणीचा इतिहास सांगणारा आकडा असतो. चेन्नईच्या दारांवर नवा आणि जुना असे दोन क्रमांक एकत्र दिसतात आणि लोक दोन्ही लिहितात. चंडीगडमध्ये क्रमांक सेक्टरचा आहे, आणि पुण्यात पेठेचा. सदाशिव पेठेतील घराचा आकडा रस्त्याच्या आकड्यांत बसवावयास जाणे म्हणजे पेठेच्या व्यवस्थेला न जुमानणे होय. खुल्या नकाशात यासाठी ‘रस्ता’ या लेबलाऐवजी ‘स्थळ’ हे लेबल लावण्याची सोय आहे, आणि भारतीय पाहणीकर्त्याने ते प्रथम शिकावे, असे मी म्हणेन. तसेच एखाद्या गल्लीचे पहिले व शेवटचे घर टिपून मधले आकडे अनुमानाने भरण्याची युक्ती इतरत्र चालत असेल. १२, १२अ, १२/१ आणि मग एकदम १९ अशी जेथे रीत आहे तेथे ती निव्वळ कल्पनाविलास ठरते.

नावे नागरीत, तमिळमध्ये, बंगालीत, जी पाटीवर आहेत त्या लिपीत नोंदविण्याची व्यवस्था नकाशात आहे, आणि तिचा उपयोग आपल्याकडे फारच थोडा होतो. इंग्रजी नाव लिहून पुढे जाण्याची सवय सुटली पाहिजे. रुग्णवाहिकेचा चालक कोणती लिपी वाचतो, याचा विचार करावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नवा आहे. टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात डिजिपिन ही पद्धती जाहीर केली. सारा देश एका चौकटीत घेऊन तिचे सोळा भाग, प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा विभाजन केले की सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन उरतो, आणि दहा चिन्हांच्या संकेताने त्याचा उल्लेख करता येतो. कल्पना सुरेख आहे, तिची रीत खुली आहे, आणि शेतातल्या विहिरीला किंवा डोंगरावरच्या पाड्याला ती उपकारक होईल यात मला शंका नाही. परंतु एवढ्याने पत्त्याची गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी मागचे गणित आठवावे. चौकोन चार मीटरांचा आणि मोबाईलची चूक पाच मीटरांची. तेव्हा गल्लीत उभे राहून वाचलेला संकेत शेजाऱ्याचा असण्याचा संभव मोठा. बारा मजल्यांच्या इमारतीतील, एकावर एक असलेल्या बारा स्वयंपाकघरांचा संकेत एकच. शिवाय दार कोणत्या गल्लीत उघडते हे संकेताला ठाऊक नाही, आणि आमच्या बाबतीत घात झाला तो तेवढ्यानेच. घर क्रमांक २९ हे २७ च्या पुढे असेल हे माणसाला पाटी वाचून कळते. दहा चिन्हांवरून काही कळत नाही. संकेत हा पत्त्याचा सोबती होऊ शकेल, त्याच्या जागी बसू शकणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. जनगणना तर आता मोबाईलवरच व्हावयाची. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ च्या जूनमध्ये निघाली तेव्हाच ती मोबाईल अ‍ॅपच्या साह्याने करण्याचे ठरले, हे खरे. पण जनगणनेत गोळा झालेली व्यक्तींची माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त आहे आणि तशीच राहिली पाहिजे. तिच्यातले घरक्रमांकही तिच्याच कामापुरते असतात. नगरपालिकांच्या करखात्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याजवळ घरक्रमांकांच्या याद्या आहेत, त्या लोकांच्या पैशातून झालेल्या आहेत, आणि त्यांतून मालकाचे नाव व कराची रक्कम वगळली तर उरलेला क्रमांक आणि रस्ता यांत गुप्त ठेवण्यासारखे काहीच नाही. त्या याद्या खुल्या झाल्या पाहिजेत, हे माझे स्पष्ट मत आहे. डेन्मार्कने २००२ साली आपली पत्त्यांची सरकारी नोंद सर्वांना मोकळी केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीप्रमाणे २००५ ते २००९ या पाच वर्षांत समाजाचा प्रत्यक्ष लाभ सुमारे ६.२ कोटी युरो, आणि खर्च सुमारे २० लाख युरो. ब्रिटनने उलट केले: २०१३ साली टपालसेवा खासगी झाली तेव्हा देशातील सर्व पत्त्यांची यादीही तिच्याबरोबर गेली. पुढच्याच वर्षी तेथील संसदेच्या समितीने ही चूक झाली असे म्हटले. पण गेलेली वस्तू म्हणण्याने परत येत नाही.

तर मग याद्या खुल्या झाल्यावर पायी फिरण्याचे कारण उरेल काय? उरेल, असे मला वाटते. करखात्याच्या यादीत भूखंड असतात, दारे नसतात. यादी आणि रस्ता यांचा मेळ घालावयास कोणीतरी रस्त्यावर असावे लागते, आणि यादी चुकली हे सांगण्याचा अधिकारही त्याच्याजवळ असावा लागतो.

तिसरा आक्षेप स्वयंसेवकांच्या विश्वसनीयतेचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मुकी हाक्लाय यांनी इंग्लंडमधील खुल्या नकाशाची तुलना सरकारी नकाशाशी केली, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात स्थानांचा फरक सरासरी सुमारे सहा मीटर निघाला. अनेकांनी या आकड्याचा आनंद मानला. त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच सांगितला जातो: गरीब वस्त्यांचा नकाशा सधन वस्त्यांच्या मानाने अपुरा होता. स्वयंसेवक राहतो तेथे नकाशा भरतो. इतरत्र करडा रंग राहतो. आपल्या देशात हे अंतर किती वाढेल हे सांगावयास निबंधाची गरज नाही.

हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यावरचा उपाय दिसतो तितका सोपा नाही. झोपडवस्तीत जाऊन दारे टिपावीत, असे सहज सुचते. पण तेथे घरक्रमांक हा निरुपद्रवी आकडा नव्हे. पुनर्वसनाची पात्रता त्याच्यावर अवलंबून असते; पाहणी करणारा तरुण दिसला की कोणाला घर मिळण्याची आशा वाटते, कोणाला पाडकामाची भीती. आम्ही एका वस्तीच्या तोंडाशी गेलो तेव्हा एका बाईंनी एकच प्रश्न विचारला, “यादीत आमचं नाव येणार की आमचं घर जाणार?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही परत फिरलो. नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ साली खुला नकाशा झाला तो वस्तीतल्याच तरुणांनी केला. पाण्याचे नळ, दवाखाने, शाळा त्यांनी स्वतः नोंदविल्या. आपल्याकडेही रहिवाशांनी ठरविल्यावाचून त्या गल्ल्यांत अ‍ॅप उघडू नये, आणि त्यांनी ठरविल्यास उपकरणे व शिक्षण त्यांना प्रथम द्यावे.

पथ्ये थोडी आहेत, ती सांगून टाकतो. दारावरच्या पाटीवर कुटुंबाचे नाव असते. ते लिहावयाचे नाही. नकाशाला घर हवे असते, घरातली माणसे नकोत. खासगी नकाशावर पाहून एकही क्रमांक उतरवून घ्यावयाचा नाही; तसे करणे परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय त्या नकाशातली चूकही आपल्या नकाशात येते. लष्करी आणि तत्सम जागांजवळ उपकरण खिशात ठेवावे. कायद्याविषयी बोलावयाचे तर, २०१६ साली शंभर कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद असलेल्या एका मसुद्याने नकाशे करणारे सर्वच धास्तावले होते. तो कायदा झाला नाही, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशाकामासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट उठविली. पण फाटकावरच्या पहारेकऱ्याने ती तत्त्वे वाचलेली नसतात. त्याच्याशी नम्रतेने बोलावे, पडदा त्याला दाखवावा. आमच्या अनुभवात दहांतले आठ पहारेकरी पडदा पाहिल्यावर स्वतःच पुढची घरे सांगू लागतात.

आमच्या वसाहतीचे काम चार रविवारांत झाले. रमतगमत चालले तरी एका तासात पन्नास-साठ दारे होतात. ऊन चढले की पडदा दिसेनासा होतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. २७ चा तिढा आम्ही असा सोडविला: तिन्ही घरांच्या बाह्यरेषा वेगळ्या काढल्या, प्रत्येकीच्या प्रवेशद्वाराचा बिंदू ते ज्या गल्लीत उघडते त्या बाजूस ठेवला, आणि तिन्ही भावांना विचारून थोरल्याचे २७, मधल्याचे २७अ, धाकट्याचे २७ब अशा पाट्या त्यांनीच करून लावल्या. मधल्यांचा थोडा विरोध होता. त्यांच्या मते मूळ घर त्यांचे. पाट्या लागल्यावर मगच आम्ही नकाशात तसे लिहिले, आधी नव्हे. मागच्या गल्लीतील घर अजूनही कुलूपबंदच असते, पण आता त्याच्या फाटकावर २७ब आहे. वसाहतीच्या पूर्वेकडची सहा दारे राहिली आहेत. तेथील पाट्या रंगकामासाठी काढलेल्या असून दिवाळीनंतर लागतील असे कळते.